हाली, कलदार आणि रॅम

निजामाच्या अमलात लातूरजवळच्या रेणापूरच्या बाजारी हाली सिक्का चाले, आणि तोच रुपया इंग्रजी मुलुखाच्या हद्दीत गेला म्हणजे सराफ सात हालींस सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये, या सुमाराचा हिशेब मांडी. नाणे खरे, चांदी खरी, परंतु हद्द बदलताच त्याची मान्यता बदले. संगणकाच्या रॅमचा इतिहास चाळताना मला या जुन्या व्यवहाराचे स्मरण वारंवार होते, कारण तिथेही मदरबोर्ड बदलताच रॅमची मान्यता बदलते.

रॉबर्ट डेनार्ड यांना डायनॅमिक रॅमचे पेटंट 1968 साली मिळाले, 1970 साली इंटेलची 1103 ही रॅम चिप बाजारात आली, आणि पुढे जेडेक या संस्थेने मापे व विद्युद्दाब ठरवून देण्याचा परिपाठ घातला. पेंटियमच्या आरंभीच्या काळी रॅमच्या 72 पिनांच्या पट्ट्या जोडीनेच बसवाव्या लागत, कारण प्रोसेसरची वाट 64 बिटांची आणि पट्टीची 32 बिटांची होती. त्यानंतर 168 पिनांची एसडीरॅम आली आणि एकटी पट्टीही चालू लागली.

2001 साली एमएस-सीआयटी हा संगणक-साक्षरतेचा अभ्यासक्रम सुरू होऊन रेणापूरसारख्या तालुक्याच्या गावी संगणकवर्ग निघू लागले, तो काळ नेमका रॅमच्या सर्वांत मोठ्या घोळाचा होता. पेंटियम 4 ने 2000 च्या अखेरीस रॅम्बसची महागडी रॅम आग्रहाने पुढे केली. तिच्या रिकाम्या खाचांतसुद्धा जोडपट्टी बसवावी लागे, मग वर्षभरातच इंटेलला स्वस्त एसडीरॅमकडे आणि पाठोपाठ 184 पिनांच्या डीडीआरकडे वळावे लागले. माझ्या मते या प्रसंगाने ग्राहकास एक गोष्ट कायमची शिकविली: रॅमची योग्यता तिच्या वेगावरून नव्हे, तर मदरबोर्डाच्या मान्यतेवरून ठरते.

डीडीआर2 व डीडीआर3 या दोन्ही पट्ट्या 240 पिनांच्या, डीडीआर4 व डीडीआर5 दोन्ही 288 पिनांच्या; तरी सोनेरी संपर्कांमधील खाच प्रत्येक पिढीत थोडी सरकविलेली असते, म्हणून चुकीची पट्टी बसतच नाही, आणि जोर करणाऱ्याच्या हातून मदरबोर्ड मात्र जायबंदी होतो. डीडीआर4 चा विद्युद्दाब 1.2 व्होल्ट, डीडीआर5 चा 1.1. एएमडीचे एएम5 बोर्ड केवळ डीडीआर5 घेतात; इंटेलच्या बाराव्या पिढीचे बोर्ड काही डीडीआर4 चे, काही डीडीआर5 चे, म्हणून केवळ प्रोसेसरचे नाव सांगून दुकानदाराकडे रॅम मागणे पुरेसे नाही.

आज रेणापूरचा एखादा तरुण गेमिंगसाठी लातूरहून सुटे भाग आणून संगणक जुळवीत असेल, तर त्याने प्रथम बोर्डाच्या निर्मात्याची मान्य रॅमची यादी पाहावी, निरनिराळ्या वेळी घेतलेल्या दोन पट्ट्यांऐवजी एकाच डब्यातील जोडी घ्यावी, ती चार खाचांच्या बोर्डावर बहुधा प्रोसेसरपासून दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवावी, आणि बायॉसमध्ये जाऊन रॅमचा जाहीर वेग लागू करणारी एक्सएमपी किंवा एक्स्पो ही सोय चालू करावी. अन्यथा 6000 च्या दर्जाचे पैसे मोजून घेतलेली डीडीआर5 बहुतेकदा 4800 च्याच वेगाने चालत राहते.