हृदयझडपेची शस्त्रक्रिया आणि रुग्णांचे प्रश्न : वावर परिसराच्या संदर्भात

हृदयाच्या झडपेला हात लावावा की नाही, हा प्रश्न आरंभी रुग्णांचा नव्हता, वैद्यकव्यवसायाचाच होता. 1925 साली लंडनमध्ये हेन्री साउटार यांनी एका तरुणीच्या हृदयात बोट घालून आकसलेली झडप मोकळी केली. रुग्ण वाचली, तरीही सहव्यावसायिकांनी त्यांच्याकडे असा दुसरा रुग्ण पाठविला नाही. 1948 मध्ये चार्ल्स बेली यांनी ही वाट पुन्हा खुली केली. 1960 मध्ये स्टार-एडवर्ड्स कृत्रिम झडप आली, तर 1990 मध्ये तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेची भारतीय झडप प्रथम रुग्णास बसविण्यात आली. मे 1998 मध्ये फ्रेंच शल्यविशारद आलाँ कार्पांतिए यांनी रोबोटच्या साहाय्याने झडप दुरुस्त केली.

तेव्हापासून रुग्णांचे प्रश्न बहुधा ठरलेले असतात. शस्त्रक्रिया रोबोट करतो काय? नाही, शेजारच्या मंचावर बसलेल्या शल्यविशारदाच्या हातांच्या हालचाली तो उपकरणांपर्यंत पोहोचवितो. छातीचे हाड कापावे लागते काय? नाही, बरगड्यांमधील छोट्या छिद्रांतून काम होते. हृदय थांबवावे लागते काय? बहुधा होय, हृदय-फुप्फुस यंत्राची गरज टळत नाही.

जव्हार तालुक्यातील वावर हे गाव वांगणीसह 1992-93 मधील बालमृत्यूंमुळे महाराष्ट्रास ठाऊक झाले. दाट वस्तीची घरे व घशाच्या आजाराकडे होणारे दुर्लक्ष असेल तेथे ऱ्हुमॅटिक ताप टिकतो, आणि तोच झडपा निकामी करतो. अशा जाड, चुना साठलेल्या झडपेची दुरुस्ती अनेकदा साधत नाही. ती बदलावी लागते. म्हणजे छेद लहान की मोठा, हा येथील मुख्य प्रश्नच नव्हे. नोव्हेंबर 2013 मध्ये जीवनदायी योजना राज्यभर लागू झाल्याने खर्चाच्या प्रश्नाला काही उत्तर मिळाले. (पालघर जिल्हा त्यानंतर, 2014 मध्ये झाला.)

धातूची झडप बसविल्यावर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते, तिची मात्रा रक्त तपासून ठरवावी लागते, आणि गरोदरपणी ती गर्भास अपायकारक ठरू शकते. झडप बिघडूच नये म्हणून ताप येऊन गेलेल्या मुलास दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन वर्षानुवर्षे द्यावे लागते. भाताची कापणी उरकली की जव्हार-मोखाड्यातील कुटुंबे वीटभट्ट्यांवर स्थलांतर करतात. मुलेही बरोबर जातात. इंजेक्शनची नोंद मात्र गावच्या आरोग्य केंद्रातच राहते.