बोटाला दाद न देणारी टचस्क्रीन: दोष कुणाचा?

सोलापुरात विड्या वळणाऱ्या हजारो महिला आहेत. वर्षानुवर्षं पानं कापून, वळून, दोरा बांधून बोटांची कातडी जाड आणि कोरडी होते. अशा बोटाने मोबाइलवर यूपीआयचा पिन टाकायला गेलं की स्क्रीन कधीकधी दादच देत नाही. मग फोन दुसऱ्याच्या हातात जातो आणि त्याच्याबरोबर पिनही! ‘जोरात दाबा’ हा सल्ला तर ठरलेलाच. पण तो चुकीचा आहे, कारण मोबाइलची स्क्रीन दाबावर चालतच नाही.

मोबाइलच्या काचेखाली आडव्या-उभ्या रेषांची पारदर्शक जाळी असते. ती बहुधा इंडियम टिन ऑक्साइड या वीजवाहक पदार्थाची असते. रेषा जिथे एकमेकींना छेदतात, तिथे किंचित विद्युतभार असतो. आपल्या शरीरात पाणी आणि क्षार असल्याने त्यातून वीज वाहू शकते. बोट टेकलं की तिथल्या विद्युतभारात बारीकसा फरक पडतो. फोनमधली चिप सेकंदाला अनेकदा ही सगळी जाळी तपासते आणि फरक नेमका कुठे पडला ते शोधते. ही झाली कपॅसिटिव्ह टचस्क्रीन.

मध्ये सोलापुरी चादरीची घडी ठेवून पाहा, स्क्रीन ढिम्म! सुती कापडातून वीज जात नाही आणि बोटही काचेपासून लांब राहतं. जाड, कोरड्या कातडीचं थोडंफार तसंच होतं. हातात धरलेला स्टीलचा चमचा मात्र चालतो (काचेवर ओरखडे पडतील, तेव्हा करून पाहू नका). उन्हाळ्यात उलटा त्रास. घामाचा खारट थेंब स्क्रीनला बोटासारखाच वाटतो आणि भलतंच बटण दाबलं जातं.

दाबावर चालणारी ‘रेझिस्टिव्ह’ स्क्रीनही असते. तिचे दोन पातळ थर दाबल्यावर एकमेकांना टेकतात, त्यामुळे नख, काडी, हातमोजा काहीही चालतं. कारखान्यांतल्या यंत्रांवर आणि काही जुन्या एटीएमवर ती दिसते.

तंत्र तसं जुनं. ब्रिटनच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधल्या ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये ते मांडलं, तेही विमान वाहतूक नियंत्रणासाठी. सर्वसामान्यांच्या हातात ते रुळलं २००७ च्या आयफोननंतर.

बोट चालत नसेल तर टोकाऐवजी पेर सपाट टेकवा. आधी ते ओलसर फडक्याला लावा. जाड स्क्रीनगार्ड काढून पाहा. बऱ्याच फोनच्या सेटिंगमध्ये ‘टच सेन्सिटिव्हिटी’ वाढवता येते. तरीही जमलं नाही, तर मोबाइलच्या दुकानात मिळणारा साधा स्टायलस पेन घ्या आणि पिन स्वतःच टाका.