किटलीच्या तोटीपुढचे धुके

चहाचे आधण उकळू लागले की किटलीच्या तोटीकडे नीट पाहावे. तोंडाशी बोटभर जागा रिकामी दिसते, पांढरा झोत त्यापुढे सुरू होतो. खरी वाफ त्या रिकाम्या जागेत असते. पांढरे दिसतात ते पाण्याचे सूक्ष्म थेंब. ‘वाफ थंड झाली की तिचे पाणी होते’ असे आपण वर्गात सांगतो. ते खरे आहे, पण अपुरे आहे.

१८७५ मध्ये कूलिए या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने थोडे पाणी असलेल्या चंबूला रबराचा पोकळ चेंडू जोडला. चेंडू दाबून सोडला की आतली हवा प्रसरण पावून गार होई आणि चंबूत धुके दाटे. मात्र चंबू काही दिवस तसाच ठेवला तर धुके येईना. खोलीतली ताजी हवा आत घेताच ते पुन्हा दिसे. तीच हवा कापसातून गाळून घेतली तर नाही!

स्कॉटलंडमधील फॉल्कर्कच्या जॉन एटकेन यांना या कामाची माहिती नव्हती. १८८० मध्ये त्यांनी दोन काचपात्रांत वाफ सोडली. साध्या हवेचे पात्र धुक्याने भरले. कापसातून गाळलेल्या हवेचे स्वच्छ राहिले. अगदी लहान थेंबाचे पाणी फार लवकर उडून जाते, त्यामुळे मूठभर रेणू एकत्र आले तरी टिकत नाहीत. धूलिकण त्यांना बसायला जागा देतो. (गार पाण्याच्या पेल्यावर हे काम काचच करते.) कूलिए यांचे काम कळल्यावर एटकेन यांनी त्यांचा पहिला मान मोकळेपणाने मान्य केला. विज्ञानात असे नेहमी घडतेच असे नाही.

१८९४ मध्ये बेन नेव्हिस शिखरावरच्या वेधशाळेत सी. टी. आर. विल्सन यांनी ढगांवर उमटणारी रंगीत वलये पाहिली. ती प्रयोगशाळेत निर्माण करावीत म्हणून १८९५ मध्ये केंब्रिजला त्यांनी कृत्रिम ढग बनवायला घेतले. धूळ पुरती काढली, तरी हवा एकदम सुमारे सव्वापट फुगवली की काही थेंब पडतच. मग बैठक कशाची? विल्सन यांना विद्युतभारित कणांचा, म्हणजे आयनांचा संशय आला. १८९६ मध्ये क्ष-किरण सोडताच थेंबांची दाटी झाली. १९११ मध्ये तर अल्फा कणांचे मार्गच थेंबांच्या रेघांनी उमटले. या ‘मेघपेटी’ला १९२७ चे नोबेल पारितोषिक लाभले.

कूलिए यांचा प्रयोग वर्गात सहज होतो. प्लॅस्टिकच्या बाटलीत चमचाभर कोमट पाणी घ्यावे, झाकण लावून बाटली दाबावी व सोडावी. मग विझलेल्या काडीचा थोडा धूर आत घेऊन तेच पुन्हा करावे.