विदर्भातील जलाशय : गळाची मासेमारी व दंतकथा

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा जिल्ह्याच्या समुद्रपूर तालुक्यात असलेल्या जाम या गावी नागपूर-हैदराबाद महामार्गाला चंद्रपूरचा फाटा फुटतो. गावाभोवतीचा प्रदेश वेणा नदीच्या खोऱ्यात मोडतो. वेणा वर्धेस मिळते आणि वर्धेचे पाणी प्राणहितेमार्गे गोदावरीत जाते. काळ्या मातीच्या या सपाट मुलखातील नद्या पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात. पण उन्हाळ्यात त्यांचा प्रवाह तुटतो आणि पात्रात निरनिराळे डोह तेवढे उरतात. मासे या डोहांत गोळा होतात, गुरे पाण्यावर येतात आणि मासे धरणारेही तेथेच येतात. विदर्भातील गळाची मासेमारी आणि पाण्यातील गूढ सत्त्वांच्या कथा या दोहोंचे मूळ असे एकाच जागी आहे.

ढीवर, भोई व केवट हे या भागातील परंपरागत मासे धरणारे समाज होत. त्यांचा मुख्य धंदा जाळ्याचा. गळ हे एकट्याचे व सवडीचे साधन. बांबूची लवचिक काठी, सुताचा दोर, लोखंडी आकडा आणि गांडूळ किंवा बेडकाचे पिल्लू हे आमिष एवढ्यावर मरळ, वाम व शिंगाळा हे मासे धरले जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नायलॉनचा दोर आला आणि त्याने सुताला हटविले. साधने साधी असली, तरी गळ टाकणाऱ्यास डोहाचे ज्ञान बारकाईने असावे लागते. कोणत्या कपारीत मासा बसतो, ढगाळ दिवशी तो कोठे येतो, पाण्यावर उठलेला बुडबुडा माशाचा की चिखलातील वायूचा, हे त्याला ओळखता आले पाहिजे. पाण्याकडे तासन्‌तास टक लावून बसणाऱ्या अशाच माणसांनी पाण्याच्या कथा सांगितल्या, हे स्वाभाविकच होय.

या कथांत चंद्रपूर जिल्ह्यातील ताडोबा तलावाची कथा सर्वांत समृद्ध आहे. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गॅझेटियरांत ती नोंदलेली आढळते. गवळ्यांची एक वरात डोंगरातून जात असता तहानेने व्याकूळ झाली. एका विलक्षण वृद्धाच्या सांगण्यावरून वधूवरांनी जमीन खणताच झरा उसळला; परंतु पाणी वाढतच गेले आणि वरातीसह सर्व काही बुडाले. तळाशी अदृश्य हातांनी देऊळ बांधले आणि बुडालेल्यांचे आत्मे तेथे राहू लागले. पुढे काठावर एक ताडवृक्ष उगवला. तो दिवसा दिसे व संध्याकाळी जमिनीत जाई. एक धीट यात्रेकरू त्यावर बसला, तेव्हा वृक्षाने त्याला आकाशात नेले व तो सूर्याच्या ज्वाळांत जळाला. वृक्षाची माती झाली आणि त्या जागी तलावाच्या देवतेची मूर्ती प्रकटली. यात्रेकरूंनी मागणी केली की स्वयंपाकाची भांडी पाण्यातून वर येत व ती धुऊन परत सोडावी लागत. एका लोभी माणसाने ती घरी नेली आणि तेव्हापासून तलावाने देणे बंद केले. गोंडांच्या परंपरेत मात्र तारू हा वाघाशी झुंजताना मेलेला प्रमुख असून तोच देवत्व पावला, असे मानतात. देवतेची यात्रा पौष महिन्यात भरण्याची परंपरा आहे.

भांडी देणाऱ्या डोहाची कथा महाराष्ट्रात इतरत्रही ऐकू येते आणि तिचा शेवट सर्वत्र सारखाच असतो : घेतलेले परत न केल्याने देणे थांबते. याहून भयकारी समजूत साती आसरांची. ‘अप्सरा’ या शब्दापासून हे नाव आले असावे, असे मानले जाते. विहीर, डोह वा तलाव यांच्या काठी शेंदूर लावलेले सात दगड हे त्यांचे ठाणे. भर दुपारी किंवा अमावास्येला एकट्या माणसास त्या पाण्यात ओढतात, अशी समजूत असल्यामुळे त्यांना हळदकुंकू, हिरव्या बांगड्या व नैवेद्य वाहतात. आसरांच्या डोहात जाळे टाकण्यास सहसा कोणी धजत नसे. भीतीमुळे का होईना, नदी आटल्यावर माशांना आसरा मिळे. येथे शब्दाचा दुसरा अर्थही खरा ठरतो. पुढील पावसाळ्यात साऱ्या प्रवाहाला बीज पुरविणारे मासे अशा राखलेल्या पाण्यातच तगू शकतात.

या सत्त्वांना प्राणिसृष्टीत आधार नव्हता असे नाही. ताडोबा तलावात मगरी आहेत. लोक तिला सर्रास ‘सुसर’ म्हणतात, वास्तविक सुसर हा लांब तोंडाचा वेगळा प्राणी आहे. मऊ पाठीची कासवे चिखलातून अचानक वर येतात. मरळ हवेतील प्राणवायू घेणारा मासा असल्याने तो ठराविक वेळाने पृष्ठभागावर येऊन पाणी डहुळतो. त्याच्या पिलांचा तांबूस थवा पाण्यावर गोळ्यासारखा फिरतो आणि खालून जाणारी नर-मादी जवळ येणाऱ्यावर झडप घालतात. संधिप्रकाशात हे दृश्य पाहणाऱ्यास तलावाला डोळे फुटल्याचा भास झाला, तर त्यात नवल नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवरात मात्र मासेच नाहीत, कारण तेथील पाणी अतिशय क्षारीय आहे. तरीही त्याला लवणासुराची कथा जडलेली आहे. जून २०२० मध्ये ते पाणी गुलाबी झाले, तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने लवणप्रिय सूक्ष्मजीवांतील रंगद्रव्य हे त्याचे कारण असल्याचे दाखवून दिले.

हलक्या साधनांची मासेमारी हा क्रीडाप्रकार मात्र इंग्रजांबरोबर आला. बारीक दोर, हलकी छडी, चक्री आणि पिसांची कृत्रिम माशी यांच्या साहाय्याने बळकट मासा दमवून काठावर आणणे, हे त्यातील कौशल्य. दोर माशाच्या ताकदीपुढे तुटेल इतका नाजूक असल्याने माशाला धाव घेऊ द्यावी लागते. या खेळाचा मूळ मासा ट्राउट. त्याची अंडी स्कॉटलंडहून काश्मीरमध्ये १९०० साली यशस्वीपणे आली, तर निलगिरीत एच. सी. विल्सन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ट्राउटची पैदास सुरू केली. ट्राउटला थंड व प्राणवायूने भरलेले पाणी लागते. मे महिन्यात हवेचे तापमान ४५° से.च्या घरात जाणाऱ्या वर्धा खोऱ्यात तो जगणे अशक्यच होते. मैदानी प्रदेशातील शौकिनांनी म्हणून खडस (महसीर) हा मासा आपलासा केला. कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांचे वर्णन करताना १८३९ मध्ये या माशाला दिलेले शास्त्रीय नावही स्थानिक नावावरून घेतलेले आहे. हेन्री सलिव्हन टॉमस यांच्या गळावरील ग्रंथाने (१८७३) खडशीची कीर्ती पसरविली. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी १९४६ साली काबिनी नदीत धरलेली १२० पौंडांची (सु. ५४ किग्रॅ.) खडस विक्रमी गणली जाते.

ट्राउटच्या मायदेशातही कथा आहेतच. स्कॉटलंडमधील नेस सरोवराच्या राक्षसाला १९३३ पासून जगभर प्रसिद्धी मिळाली. १९३४ चे त्याचे गाजलेले छायाचित्र बनावट असल्याचे १९९४ मध्ये उघड झाले. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या, पाण्यातील डीएनएच्या पाहणीत मोठ्या सरपटणाऱ्या प्राण्याचा मागमूस लागला नाही. ईल माशांचा मात्र विपुल आढळला. नेसचा राक्षस पाहण्यासाठी लोक तेथे जातात, तर आसरांच्या डोहापासून दूर राहतात. हा फरक किरकोळ नाही, कारण पहिल्या कथेने पर्यटन वाढविले आणि दुसरीने पाणी राखले.

देवतेच्या नावाने राखलेल्या पाण्याची ठळक उदाहरणे सह्याद्रीकडे आढळतात. महाडजवळील वाळणकोंड येथे वरदायिनी देवीचे व वाडा तालुक्यातील तिळसे येथे वैतरणेवर महादेवाचे म्हणून खडशी राखल्या जातात. भाविक त्यांना खाऊ घालतात, धरीत नाहीत. धरणांमुळे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध जाण्याचा मार्ग तुटल्याने आणि सुरुंग व विष यांच्या वापरामुळे अन्यत्र हा मासा विरळ झाला. सुरुंग व विष यांवर १८९७ च्या मत्स्यव्यवसाय अधिनियमाने बंदी घातली होती, परंतु आडबाजूच्या डोहावर ती राबविणार कोण? लोणावळ्याच्या टाटा वीज कंपन्यांच्या जलाशयावर चं. वि. कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली १९७० नंतरच्या दशकात खडशीचे कृत्रिम प्रजनन साधले आणि तेथील बोटुकली इतर राज्यांच्या नद्यांतही सोडण्यात आली.

विदर्भात पाण्याची राखण कायद्याकडे गेली, तेव्हा प्रश्न वेगळा झाला. मालगुजारी १९५१ मध्ये संपुष्टात आली व मालगुजारांचे तलाव शासनाकडे गेले. ढीवरांच्या सहकारी संस्था ते ठेक्याने घेऊ लागल्या. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान आणि वर्धा जिल्ह्यातील बोर १९७० साली अभयारण्य झाले. आसरांची मनाई एका डोहापुरती असे आणि नदीचा बाकी भाग ढीवरांना मोकळा राही. अभयारण्याची मनाई साऱ्या जलाशयाला लागू होते. पेंच नदीवरील तोतलाडोह जलाशय राष्ट्रीय उद्यानात आल्यानंतर हा तंटा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मध्य प्रदेश शासनाने तेथील ३०५ आदिवासी कुटुंबांना मासेमारीचे परवाने दिले होते. न्यायालयाने १९९७ मध्ये ते रद्द केले नाहीत. उद्यानातून ये-जा करण्यावर व काठावर वावरण्यावर बंधने घालून कायम ठेवले.