मैला, माती आणि भाजी

गिरगांवांतील फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी हीं नांवें आज चाळींच्या दाटींत ऐकूं येतात. परंतु एके काळीं येथें बागा होत्या, याची तींच साक्ष आहेत. १८६० सालीं विहार तलावाचें पाणी शहरास मिळूं लागलें. पाणी आलें तसें सांडपाणीही वाढलें, आणि तें न्यावें कोठें हा प्रश्न उभा राहिला.

त्याचें एक उत्तर माटुंग्यास मिळालें. म्युनिसिपल कमिशनर ॲकवर्थ यांच्या पुढाकारानें १८९० सालीं तेथें निराधार कुष्ठरोग्यांसाठीं आश्रम निघाला. पोवाड्यांचे संग्राहक म्हणून मराठी वाचकांस परिचित असलेले गृहस्थ ते हेच. आश्रमाचा मैला बंद टाकींत कुजवून निघालेलें पाणी शेतास देण्यांत येई. टाकींतील वायूवर एंजिनही चालविण्यांत आलें. मैल्यांतील नत्र व स्फुरद पिकास पोषक असतात आणि मातींतील सूक्ष्म जंतू घाण पचवितात. त्यामुळें हा व्यवहार शहाणपणाचा होता.

तथापि मातीच्या पचनासही मर्यादा आहे. मैलापाणी अति झालें कीं तिचीं छिद्रें बुजतात व क्षार सांचतात. जंतांचीं अंडीं तींत महिनेन् महिने टिकतात. अनवाणी राबणाऱ्या माळ्यास अंकुशकृमींची बाधा होते. पुढें कारखाने वाढले आणि सांडपाण्यांत शिसें, क्रोमियम, कॅडमियम हे धातू मिसळले. हे धातू कुजत नाहींत. मातीच्या वरच्या थरांत सांचत राहतात. पालकासारखी पालेभाजी कॅडमियम मुळांवाटे शोषून घेते. भाजी धुतल्यानें धूळ जाते, पानांत मुरलेला धातू जात नाहीं.

पॅरिसच्या वायव्येस पिएरले येथें सुमारें शंभर वर्षें शहराच्या मैलापाण्यावर भाजीपाला पिकला. अखेर मातींत जड धातू आढळल्यानें विसाव्या शतकाच्या शेवटीं त्याच्या विक्रीस बंदी करावी लागली. जपानांत जिन्झू नदीकांठीं खाणींच्या पाण्यावर पिकलेल्या भातामुळें माणसांचीं हाडें ठिसूळ झालीं. कॅडमियम हेंच त्याचें कारण, असें तेथील सरकारनें १९६८ सालीं मान्य केलें.

मुंबईंतही रेल्वेच्या रुळांकडेला नाल्याच्या पाण्यावर पालक, माठ, भेंडी अनेक दशकें पिकत आलीं. ती पिकविणारा गरीब आणि स्वस्त म्हणून घेणाराही बहुधा गरीबच. तेव्हां नुसत्या मनाईनें न्याय होत नाहीं. कारखान्यांचें पाणी मैल्यापासून वेगळें ठेवावें, शेतास सोडण्यापूर्वीं पाणी शुद्ध करावें, मातीची तपासणी व्हावी, आणि दूषित ठरलेल्या जमिनींत भाजीऐवजीं फुलें किंवा झाडें लावण्यास माळ्यास साहाय्य मिळावें. पाण्याचा दोष वाहून जातो. मातीचा दोष पुढील पिढीच्या ताटांत उतरतो.