वळवणचं पाणी आणि डोंगरावरचं शेत

मावळात डोंगराकडेला शेत असलेल्या कुणाशीही सोलरबद्दल बोललं की पहिला प्रश्न येतो, "पॅनल किती वॉटचं घेऊ?" मी म्हणतो, आधी साठवणीचं बोलू. कारण याच तालुक्यात शंभर वर्षांपूर्वी विजेचा पहिला मोठा प्रश्न साठवणीचाच होता.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा वाफेवर चालायच्या आणि त्यासाठी कोळसा पार बंगालमधून यायचा. इकडे घाटमाथ्यावर पाऊस धो धो, पण चारच महिने. गिरणीला मात्र वीज बाराही महिने हवी. १९१० मध्ये टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. तिचं उत्तर सरळ होतं: पाऊस तळ्यांत अडवून ठेवायचा. फेब्रुवारी १९११ मध्ये लोणावळ्यात गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते पायाभरणी झाली. वळवण, लोणावळा आणि शिरवता ही तळी बांधली गेली आणि १९१५ मध्ये घाटाखाली खोपोलीचं वीजगृह सुरू झालं.

एक छोटा हिशेब करू. हे पाणी सुमारे ५०० मीटर खाली येतं. घरावरच्या हजार लिटरच्या टाकीएवढं पाणी तेवढ्या उंचीवरून आलं, तर नुकसान वजा जाता एक युनिटहून थोडी जास्त वीज मिळते. म्हणजे वळवणचं तळं ही एक अवाढव्य बॅटरीच आहे. पावसाळ्यात चार्ज होते आणि उन्हाळ्यात वापरली जाते.

वीज मात्र तारांवरून मुंबईला गेली. १९२२ मध्ये आंदर मावळातल्या ठोकरवाडी तलावाच्या पाण्यावर भिवपुरी सुरू झालं. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट त्यात पुढे होते. तरीही धरण झालंच, आणि १९२७ मध्ये भिरा सुरू झालं. जमीन मावळ्यांची बुडाली, दिवे शहरात लागले.

यात अन्याय होताच, शिवाय एक रोकडा हिशेबही होता. गिरणी एकाच जागी भरपूर वीज घेते. दहा घरांच्या वाडीला वीज थोडी लागते, पण खांब, तारा आणि डीपीचा खर्च अंतराप्रमाणे वाढत जातो. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० मध्ये आलं आणि लाइन गावोगाव पोचू लागली. गावापासून दोन किलोमीटर वर असलेल्या एकट्या शेताचं गणित मात्र आजही तसंच अवघड आहे.

तिथं सोलर कामाला येतं, कारण वीज लागते तिथंच तयार होते. २०२४ च्या 'मागेल त्याला सौर कृषीपंप' योजनेत शेतकऱ्याचा वाटा १० टक्के आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी ५ टक्के. पंपाचं गणित मावळात छान जुळतं. साधारण ३ किलोवॉटची पॅनल्स स्वच्छ उन्हाच्या दिवशी १२ युनिटच्या आसपास देतात. २० मीटरवरून पाणी उपसायचं असेल तर तेवढ्यात लाखभर लिटर पाणी वर येतं. बॅटरी नको, उंचावरची टाकी किंवा शेततळं हीच साठवण. आणि पावसाळ्यात ऊन नसतं तेव्हा पंपही फारसा लागत नाही.

घराचं उलटं आहे. दिवा जुलैतच जास्त लागतो आणि नेमकं तेव्हाच ऊन नसतं. चार बल्ब, एक छोटा पंखा आणि मोबाइल धरले तर रोज अर्धा युनिट. १२ व्होल्ट, १०० एएचच्या लेड-ॲसिड बॅटरीत १.२ युनिट मावतात, पण ती टिकवायची तर निम्मेच वापरायचे. म्हणजे एक बॅटरी जेमतेम एक दिवस पुरते. तीन दिवस ढग राहिले तर तीन बॅटऱ्या लागतील. मार्चच्या उन्हाचा हिशेब धरून एकच घेतली, तर पावसाळ्यात ती रोज पूर्ण रिकामी होते आणि लवकर मरते. मग "सोलर काही चालत नाही" असं म्हणून पॅनल गोठ्याच्या छपरावर धूळ खात पडतं, आणि घातलेले पैसे वाया जातात.

टाटांच्या इंजिनिअरांनी तळ्यांचं माप बारा महिन्यांचा विचार करून ठरवलं होतं. आपल्या शेतासाठीही तेच करायचं. दुकानात जाण्याआधी वहीत तीन आकडे लिहा: जुलैत किती दिवे, रोज किती तास, आणि सलग किती दिवस ऊन पडत नाही. तिसरा आकडा घरातल्या आजीला विचारा, तिला नक्की माहीत असतो.