ईथर, एक गाठ आणि २ डॉलर

इतिहासात नाव राहावं असं वाटत असेल, तर माणसानं पराक्रम कमी केला तरी चालेल, पण हिशेबाची वही नीट ठेवावी. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, जेफरसन नावाच्या लहानशा गावी डॉक्टरकी करणाऱ्या क्रॉफर्ड लाँगचं दप्तर याची साक्ष देतं.

१८४२ साली हा डॉक्टर २६ वर्षांचा होता. त्या काळी तिकडच्या तरुण मंडळींना ईथर हुंगून धिंगाणा घालायची भारी हौस. ईथर पुरवायचा डॉक्टर, आणि हुंगायला बसायचाही डॉक्टरच! धडपडून अंगावर काळेनिळे डाग उठत, पण लागलं केव्हा, हे कुणालाच सांगता येत नसे. बाकीचे हसले. डॉक्टर मात्र त्या डागांकडे बघत विचारात पडला.

३० मार्च १८४२ रोजी त्यानं जेम्स व्हेनेबल या तरुणाला ईथर हुंगवून मानेवरची गाठ कापली. गाठ निघाली यावर गड्याचा विश्वासच बसेना; शेवटी ती डोळ्यांसमोर धरावी लागली. मग डॉक्टरनं खातेवही उघडली आणि व्हेनेबलच्या नावावर ईथर व गाठ काढण्याबद्दल २ डॉलर मांडले. माणसाला वेदनेतून सोडवण्याचा शोध, आणि त्याची नोंद वाण्याच्या उधारीसारखी!

बरं, जगाला सांगावं की नाही? पण खेड्यात शस्त्रक्रिया त्या किती होणार? पुरती खात्री झाल्याशिवाय बोलायचं नाही, असा या माणसाचा खाक्या. खात्री करण्याची एक रीत वाचून मात्र हसू मावळतं. भाजलेल्या एका काळ्या मुलाची २ बोटं कापायची होती. एक ईथर देऊन कापलं, दुसरं न देता. पहिल्या वेळी पोराला काही कळलं नाही. दुसऱ्या वेळी भयंकर वेदना झाल्या. पुरावा बिनतोड, पण तो गुलामगिरीचा मुलूख होता. त्या पोराला ‘नको’ म्हणायची सोय कुठली?

डिसेंबर १८४५ मध्ये डॉक्टरनं बायकोच्या बाळंतपणातही ईथर वापरलं. मुलगी झाली, फ्रान्सिस. आणि १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनच्या इस्पितळात मॉर्टन नावाच्या दंतवैद्यानं हाच प्रयोग दहाजणांसमोर करून दाखवला. झालं! मॉर्टन, त्याला रसायनशास्त्र सांगणारा जॅक्सन आणि दुसरा दंतवैद्य वेल्स यांच्यात श्रेयासाठी जुंपली. वेल्सनं तर १८४८ मध्ये जीव दिला. आमच्या गावठी डॉक्टरनं १८४९ मध्ये सावकाश लेख लिहिला, व्हेनेबलसकट गावकऱ्यांकडून प्रतिज्ञापत्रं घेतली. १८५४ मध्ये खुद्द जॅक्सन त्याच्या घरी येऊन कागद तपासून गेला.

१८७८ मध्ये एका बाळंतिणीची सुटका करताना लाँगनं देह ठेवला. पुढं घरातले कागद जमवून त्याचं चरित्र लिहिलं ते फ्रान्सिसनंच. बापाच्या शोधाचा पुरावा वहीत होताच. आता तो हातात लेखणी घेऊन बसला होता!

अमेरिकेत ३० मार्च हा डॉक्टर्स डे म्हणून पाळतात. तरी मॉर्टननं जगाला शिकवलं, हेही खरंच. वहीत मिटून ठेवलेल्या ईथरनं बोस्टनच्या रोग्याचं दुखणं थांबत नाही. पण कुणी आधी केलं, हे सांगायला ती वहीच उभी राहते. अजरामर होण्यासाठी लिहिलेल्या आठवणींवर इतिहासकार शंका घेतात. २ डॉलर वसूल करण्यासाठी लिहिलेल्या ओळीवर कोण घेणार?